वाई-मेणवलीचे वाडे, देवळं आणि एखादं चर्च, एका दिवसात कसं दाखवू?

शाहूपुरीकर विचारतात:

नमस्कार मंडळी, जरा मदत पायजे. बायकोच्या मैत्रिणी आणि त्यांच्या घरची माणसं मिळून सतरा जण वसईवरनं येतायत, जानेवारीतला एक शनिवार ठरलाय, ट्रॅव्हलर बुक झालीय. त्यातली निम्मी घरं वसईची ख्रिश्चन, सगळे घरात मराठीच बोलतात, आणि त्यांनी आधीच बजावून ठेवलंय की महाबळेश्वरचे पॉइंट नकोत, बोटिंग नको, आम्हाला जुनी घरं दाखवा, जुनी देवळं दाखवा, आणि तुमच्याकडं जुनं चर्च असेल तर तेही. आता मी साताऱ्यात राहतो म्हणजे मला सगळं माहीत असणार असा त्यांचा समज, आणि मी आपला वाईला गेलो की ढोल्या गणपतीला हात जोडून परत येणारा माणूस.

तर मी कागदावर असं मांडलंय, सकाळी संगम माहुली, मग लिंबची बारामोटेची विहीर, मग वाईत ढोल्या गणपती न काशीविश्वेश्वर, मग मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, तिथनं धोम, मग पसरणी घाट चढून पाचगणीचं चर्च, वेळ उरला तर महाबळेश्वरचं चर्च, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी औंध. बायकोनं यादी बघितली आणि म्हणाली हे काय एसटीचं वेळापत्रक आहे का.

विचारायचं हे की एवढं होईल का? वाड्यात आत सोडतात का, का नुसता दरवाजा बघून यायचं? बरोबर कुणी माहितगार घ्यावा का, त्याला किती द्यायचं असतं, का देणं बरं दिसत नाही? आणि मंडळींत दोघीतिघी सत्तरीच्या पुढच्या आहेत, पायऱ्या कुठं किती आहेत ते पण सांगा. आणखी एक, मेणवलीच्या देवळात वसईच्या चर्चची घंटा आहे असं ऐकलंय, वसईच्याच माणसांना ती दाखवायची का नाही यावर आमच्या घरात दोन तट पडलेत.

---

गणपती आळी यांचं उत्तर:

साहेब, आधी यादीवर काट मारा. माहुली ते महाबळेश्वर एका दिवसात होईल, नाही असं नाही, पण मग पाहुण्यांना फक्त ट्रॅव्हलरच्या सीटा आठवतील. मी वाईचाच, घरी आलेल्या प्रत्येकाला फिरवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळं सांगतो. एका दिवसात एक विहीर, दोन देवळं, एक मोठा वाडा आणि जमलं तर एक राहता वाडा, बास. बाकीचं पुढच्या खेपेला.

सकाळी लवकर लिंबला जा. हायवेपासून आत आहे, गाव ओलांडून शेरेवाडीकडं. ही विहीर आधी वरनं बघायची, कडेनं एक चक्कर मारायची, म्हणजे तिचा आकार कळतो, अष्टकोनी मोठी विहीर आणि तिला जोडलेली छोटी आयताकृती, वरनं शिवलिंगासारखी दिसते. मग पायऱ्यांनी खाली. दरवाज्याजवळ शिलालेख आहे, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या राणीवशातल्या वीरूबाई भोसल्यांनी बांधली. खोली ११० फूट आणि रुंदी ५० फूट सांगतात. लोकांना वाटतं विहीर म्हणजे पाणी काढायची सोय, पण इथं दोन्ही विहिरींच्या मधे चक्क महाल आहे, कोरीव खांब आहेत, आणि वर जिथं मोटा (बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या मोठ्या पखाली) लागायच्या त्या दगडी जागा अजून तशाच्या तशा दिसतात. एका वेळी बारा मोटा चालायच्या, आजूबाजूच्या आमराईला पाणी जायचं. पाहुण्यांना तिथं उभं करून विचारा की बैल कुठनं कुठं चालत असतील, मोट वर आली की पाणी कुठं पडत असेल, पोरं लगेच शोधून काढतात. नुसतं शाहू महाराज इथं बसायचे एवढं सांगून पुढं ढकलू नका.

मग वाई. ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधला. सगळे आत जातात, मूर्ती बघतात, बाप रे केवढी म्हणतात आणि बाहेर येतात. अहो मागं जा की! देवळाची पाठीमागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी टोकदार बांधलीय. देऊळ नदीच्या पात्रालगत, कृष्णामाईचा पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो न दोन बाजूंना जातो. अडीचशे वर्षं पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे, पावसाळ्यात गाभाऱ्यापर्यंत पाणी येतं आणि ओसरलं की आम्ही गाळ काढून परत आरती सुरू करतो. तुमच्यातल्या कुणाला बांधकामातलं कळत असेल तर तो त्या भिंतीपाशीच अर्धा तास काढेल, काढू द्या.

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चा, आनंदराव भिकाजी रास्त्यांचा. तिथला नंदी बघा, काळ्या दगडाचा, इतका घोटीव की गळ्यातल्या माळांवर हात फिरवावासा वाटतो (फिरवू नका, पुजारी ओरडतात). रास्ते कोण हे दोन वाक्यांत सांगा, नाहीतर सगळी नावंच नावं होतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरातल्या, म्हणजे माधवराव पेशव्यांचं आजोळ हे वाई. एवढं सांगितलं की मग एवढ्याशा गावात एवढी देवळं आणि घाट कुठनं आले याचं उत्तर मिळतं. गावात सात घाट आहेत, एकेका आळीचा एकेक.

दुपारी मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. त्याबद्दल वेगळं लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आलंय.

---

कंदीपेढा यांचं उत्तर:

औंध यादीतनं काढा न्हवं तर दुसरा पूर्ण दिवस द्या. औंधचं भवानी म्युझियम तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८ ला उभं केलं, राजा रविवर्मा हाय, हेन्री मूरचं शिल्प हाय, एका खेडेगावात. आणि वर यमाईच्या डोंगरावर जायचं. ते सकाळी दोन तासात उरकायचं म्हणजे पाहुण्यांचा न आपला दोघांचा अपमान. माहुली मात्र संध्याकाळी घ्या परत येताना, साताऱ्यापासून जवळच हाय, उन्हं कलली की कृष्णा-वेण्णेच्या संगमावर लई भारी वाटतं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींचं विश्वेश्वराचं देऊळ बघा, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवा, सगळा दिवस विसरतील पण कुत्र्याची समाधी न्हाय विसरणार, लिहून ठेवा.

---

तासगावचा गोपुर यांचं उत्तर:

सातारकरांनो जरा सांगलीकडंबी वळा की, आमच्या तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीला सात मजली गोपुर हाय, महाराष्ट्रात असं दुसरं दाखवा. असो, तुमचा धागा हाय, मी गप बसतो. ट्रॅव्हलरवाल्याला मात्र वाईतल्या आळ्यांत गाडी घालू देऊ नका, मागच्या आरशाची वाट लागती.

---

गणपती आळी:

हां, मेणवली. वाड्यात आत सोडतात का विचारलंत. वाडा खाजगी आहे, फडणीस घराण्याच्या वारसांच्या मालकीचा. आधी निरोप द्या, किती माणसं येणार ते सांगा, जे काही प्रवेशाचं असेल ते बिनबोभाट द्या. आत चौकामागं चौक आहेत, सहा चौकी वाडा म्हणतात. पहिल्या चौकात शिरलं की सगळे मोबाईल वर करतात, तेवढ्यात माहितगारानं एकच काम करावं, सगळ्यांना खाली बसवावं. वाडा उभ्यानं कळत नाही. बसलं की मग दिसतं की चौकातनं उजेड कुठपर्यंत आत येतो, ओसरी किती उंचीवर, खांबाखाली दगडी तळखडा का दिलाय (लाकूड जमिनीत गेलं तर वाळवी न ओल दोन्ही खाणार), वर कडीपाट, भिंत एवढी जाड की कोनाड्यात माणूस बसेल. आणि माणूस जसा आत आत जातो तसा चौकांचा वापर बदलत जातो, बाहेर कारकून न दफ्तर, आत घरची माणसं. भित्तिचित्रं आहेत, काही ठिकाणी रंग चांगला टिकलाय, फ्लॅश मारू नका म्हणजे नका.

नानांचा पलंग दाखवतात, तो बघा. पण त्यापेक्षा मागच्या दारानं घाटाकडं उतरा, वाडा आणि नदी यांचा संबंध तिथं लागतो. औंधच्या पंतप्रतिनिधींकडनं नानांना हे गाव मिळालं, मग त्यांनी वाडा, घाट, देवळं सगळं एका हातानं बसवलं, म्हणून ते एकसंध वाटतं. वाईत तसं नाही, तिथं एकेक पिढीनं एकेक भर घातलीय. १७९६ च्या धामधुमीत पुण्यात राहणं अवघड झालं तेव्हा नाना याच बाजूला आले होते. हे सांगितलं की मग लोकांना तो वाडा नुसता श्रीमंताचा बंगला वाटत नाही, पुण्यातनं निसटून यायची जागा वाटायला लागतो.

घाटावर सध्या जो तो शूटिंगच्याच गोष्टी सांगतो, कोण हिरो कुठल्या पायरीवर बसला होता. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपणहून काढू नका, एकदा ते सुरू झालं की नाना गेले बाजूला.

घंटा. मेणेश्वराच्या देवळाजवळच आहे. दाखवायची का नाही हा प्रश्न मला पडला नसता, पण तुमच्या घरात पडलाय म्हणून एक सांगतो. काही हौशी गाईड ठोकून देतात की नाना फडणवीस वसई जिंकून घंटा घेऊन आले. वसई चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडनं घेतली मे १७३९ मधे, नानांचा जन्मच १७४२ चा, तो पण साताऱ्यातला. घंटा वसईच्या लुटीतली, ती पुढं इथं आली. घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. वसईची माणसं बरोबर असताना हे चुकीचं सांगितलं तर तीच तुम्हाला दुरुस्त करतील.

---

मधली आळी यांचं उत्तर:

मी वाईतल्या एका जुन्या वाड्यात राहते, लग्न होऊन आले तेव्हापासनं. राहता वाडा दाखवा असं वर लिहिलंय म्हणून बोलते, रागानं नाही पण बोलते.

मेणवलीचा वाडा बघायला ठेवलेला आहे. आमचा नाही, आमच्यात कुकरच्या शिट्ट्या होतात. मागं एका आयोजकानं (नाव घेत नाही) न विचारता चाळीस माणसं दारात आणून उभी केली, देवडीतनं सरळ माजघरात, एकानं देवघराचा फोटो काढला, एक बाई परसातल्या आडात वाकून ओरडून बघत होती आवाज घुमतो का, आणि सासूबाई आत नऊवारी बदलत होत्या. वर त्या गाईडचं चाललेलं की पूर्वीचे लोक असे राहत होते. पूर्वीचे कशाला, आम्ही आहोत ना इथं.

यायचं असेल तर या, खरंच या, पण सतरा जण एकदम नको, आठ आठ जण दोन खेपेला. आल्यावर ओसरीवर बसा, मी चहा देते, आणि काय विचारायचंय ते विचारा. वाडा कसा बांधला हे तुम्हाला कुणीही सांगेल. वाडा टिकवायचा कसा ते विचारा. दर वर्षी पावसाच्या आधी कौलं शाकारायची, कौल बदलणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर म्हणतो पत्रा टाका. एका तुळईला वाळवी लागली तर ती बदलायला माडीचा अर्धा भाग टेकू देऊन उचलावा लागतो, आणि तेवढं लांब सागवान आणायचं कुठनं न कुठल्या पैशानं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सातबारा न सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावं किती, दोघं पुण्यात, एक अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही, सही कुणाची घ्यायची. वाडे पावसानं पडतात असं पेपरात येतं, पण माझ्या मते वाडे सह्या न झाल्यानं पडतात, पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो.

आणि हो, चपला देवडीत काढायच्या, सोप्यात नाही.

---

शाहूपुरीकर:

ताई, मनापासून धन्यवाद, हे वाचून बायकोनं लगेच सगळ्यांना पाठवलं. एक अवघड प्रश्न विचारू का, पैशांचं कसं करायचं? म्हणजे तुम्ही चहा देणार, वेळ देणार, आणि आम्ही नुसतं थँक्यू म्हणून उठायचं हे बरं वाटत नाही, आणि पाकीट पुढं केलं तर तुम्हाला अपमान वाटेल अशी भीती.

---

मधली आळी:

मला पाकीट नको. येताना वसईची केळी आणा. पण गल्लीत आणखी दोन घरं आहेत, त्यांना गरज आहे, ती तोंडानं मागणार नाहीत. तिथं जाणार असाल तर माहितगारानं आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवावं की माणशी अमुक एवढे घराच्या दुरुस्तीला, म्हणजे देणाऱ्याला उपकार वाटत नाही न घेणाऱ्याला भीक वाटत नाही.

---

कंदीपेढा:

ताई बरोबर बोलल्या. माहितगारालाबी आधीच विचारायचं बाबा दिवसाचं काय. इतिहासाची आवड हाय म्हणून फुकट हिंड, हे लई झालं आता. त्याचाबी दिवस बुडतो.

---

सिल्व्हर ओक यांचं उत्तर:

चर्चबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी पाचगणीचा. पाचगणीला सेंट पीटर्स चर्च आहे, दगडी, ब्रिटिश काळातलं, आणि त्याच्या आवारातल्या दफनभूमीत जॉन चेसन यांची कबर आहे. हे नाव साताऱ्यात कुणाला फारसं माहीत नसतं. पाचगणी ज्या माणसानं वसवली तो हा, इंग्रजांनी त्याला इथला सुपरिंटेंडंट नेमला होता, आणि ही जी सिल्व्हर ओकची झाडं सगळीकडं दिसतात ती लावायला सुरुवात त्याच्याच काळात झाली. पर्यटक टेबललँडवर घोड्यावर बसतात न जातात, कबरीकडं कुणी फिरकत नाही.

एक सूचना, चर्च म्हणजे कायम उघडं असतं असं समजू नका. रविवारी प्रार्थना असते तेव्हा उघडं, शनिवारी कुलूप असू शकतं, तिथल्या मंडळींना आधी विचारून ठेवा. रविवारी प्रार्थनेच्या वेळी गेलात तर प्रार्थनेला म्हणून जा, मधेच उठून काचा बघत फिरू नका. महाबळेश्वरची चर्च त्याच दिवशी नका घेऊ, वरच्या रस्त्याला शनिवारी ट्रॅफिकमधे किती वेळ जाईल देवही सांगू शकणार नाही. पण सांगायला एक गोष्ट चांगली आहे, ते मालकम पेठ जे आहे ना, म्हणजे इंग्रजांनी वसवलेलं महाबळेश्वर, ती जागा १८२९ च्या तहानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. म्हणजे वरची चर्चं, बंगले, बाजार सगळं त्या एका अदलाबदलीवर उभं आहे. हे पसरणी घाट चढताना गाडीत सांगा, वळणांवर उलट्या आठवणार नाहीत.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर तुमच्या वसईच्या पाहुण्यांना चर्च दाखवायचा अट्टहास करू नका. त्यांच्या गावात याच्यापेक्षा कितीतरी जुनी चर्चं आहेत. आमचं चर्च त्यांना नवं वाटेल.

---

पापडीची पोर यांचं उत्तर:

मी वसईची, या टूरमधे नाही पण वाचून राहवलं नाही. घंटेवरनं दोन तट पडलेत म्हणे, ते मिटवून टाका. दाखवा.

आम्ही लहानपणापासनं ऐकत आलोय की वसईच्या घंटा गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक मेणवलीला, आणखी कुठं कुठं. नारोशंकराची घंटा तर भाषेतच जाऊन बसलीय. मी नाशिकची बघितलीय, मेणवलीची नाही. तुम्हाला वाटतंय की आम्हाला वाईट वाटेल आणि तुम्ही आधीच चेहरा पाडून उभे राहाल, ते नका करू प्लीज, त्यानंच जास्त अवघडल्यासारखं होतं. लढाई झाली, किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, घंटा गेल्या, आणि आम्ही तिथंच राहिलो, शेती करत, मराठी बोलत. आमचे पूर्वज काय लिस्बनवरनं आले नव्हते. त्यामुळं चिमाजीअप्पांचं नाव निघालं की आम्ही कुठल्या बाजूनं बघायचं हा प्रश्न आम्हालाही शाळेत पडलेला असतो, आणि प्रत्येक घरात उत्तर वेगळं असतं. माझे आजोबा म्हणायचे घंटा वितळवून तोफा ओतल्या नाहीत, देवापुढं टांगल्या, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. माझी आत्या म्हणते चांगली कसली, परत द्या की. दोघं एकाच टेबलावर जेवायचे.

तुम्ही एवढंच करा, घंटेपाशी गेल्यावर विजयाचं भाषण नको आणि सांत्वनाचंही नको. ती मारियेची आकृती कुठल्या बाजूला आहे, साल कुठं कोरलंय, ते दाखवा आणि पाच मिनिटं बाजूला व्हा. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका मनातल्या मनात काहीतरी म्हणतील, त्यांना म्हणू द्या. पुजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा म्हणजे कुणी पुढं चला पुढं चला करणार नाही.

आणि सिल्व्हर ओक यांचं पटलं, चर्च आम्हाला दाखवू नका, आमच्याकडं भरपूर आहेत. वाडा दाखवा. आमच्याकडची जुनी घरं गेली सगळी, बिल्डिंगी झाल्या.

---

गणपती आळी:

पापडीच्या ताई, घंटा बघायला तुम्हीपण या, माझ्याकडं उतरा. पुजाऱ्यांशी मी बोलतो, ते भले गृहस्थ आहेत.

शाहूपुरीकर, तुम्ही धोमचं विचारलं होतं ते राहिलंच. धोम मेणवलीच्या पुढं, तिथल्या शंकराच्या देवळापुढं नंदी कासवाच्या पाठीवर आहे आणि ते कासव दगडी कुंडात. कुंडात पाणी भरलं की नंदीला घेऊन कासव तरंगतंय असं वाटतं. पाहुण्यांत लहान पोरं असतील तर हे चुकवू नका, नसतील तरी चुकवू नका. नरसिंहाचं देऊळ पण तिथंच आहे. सत्तरीच्या बायकांना धोम सोपं आहे. अवघड म्हणाल तर लिंबची विहीर, पायऱ्या दगडी न उंच, उतरताना एका हाताला कुणीतरी द्या, आणि ज्यांना नको त्यांना वरच बसवा, वरनं पण छान दिसते. मेणवलीच्या घाटावर पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळल्या असतात, तिथं कुणालाच जाऊ देऊ नका, तरुणांना तर मुळीच नाही, तेच घसरतात.

---

शाहूपुरीकर:

मंडळी, नवीन प्लॅन टाकतो, बघा बरं. सकाळी सातला साताऱ्यातनं निघायचं, नाष्टा गाडीतच. लिंब. मग वाई, आधी ढोल्या गणपतीची मागची भिंत, मग मूर्ती, मग काशीविश्वेश्वर. मग मधल्या आळीतल्या ताईंकडं आठ आठ जण, तोवर उरलेले घाटावर बसतील. जेवण वाईत, आधी सांगून ठेवतो. दुपारी मेणवली, वाडा आणि घंटा, घाई नाही. उजेड असेल तर धोम. परत येताना जमलं तर माहुली, नाहीतर कुत्र्याची समाधी पुढच्या वेळी. पाचगणी, महाबळेश्वर, औंध सगळं कट. बायको म्हणाली आता माणसाचा प्लॅन दिसतोय.

माहितगार म्हणून गणपती आळी यांनाच पकडावं असं ठरलंय, दिवसाचं मानधन तुम्ही सांगाल ते, नाही म्हणू नका. फक्त एक विचारायचंय, यात पेशवे, रास्ते, पंतप्रतिनिधी, फडणवीस अशी नावं फार होतायत, आमच्या पाहुण्यांना गोंधळ होणार नाही का?

---

गणपती आळी:

होणारच. म्हणून मी नावं सगळी सांगतच नाही. दिवसभरात तीनच माणसं धरायची. विहिरीपाशी वीरूबाई, वाईत गोपिकाबाई, मेणवलीला नाना. बाकीचे लागतील तसे येतात न जातात. आणि सालं विचारल्याशिवाय सांगायची नाहीत, मी इथं लिहिली कारण तुम्ही मला विचारत होता.

मानधनाचं फोनवर बोलू. कंदीपेढ्यानं सगळ्यांदेखत विषय काढलाच आहे तर नाही म्हणत नाही.

---

कंदीपेढा:

तारीख ठरवताना एक बघा, माघ लागला की वाईत आळीआळीनं कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, घाटावर मांडव, गर्दी. बघायला झकास, पण वाडा शांतपणे बघायचा असेल तर त्याच्या आधीच उरका. आणि साताऱ्यात परत आल्यावर पेढे मीच देणार, बाहेरचे घेऊ नका.

---

पापडीची पोर:

मी पण येतेय, आत्ताच घरी विचारलं, आत्या पण येणार म्हणतेय, घंटा परत मागायला. मधल्या आळीच्या ताई, केळी प्रवासात काळी पडतील म्हणून सुकेळी आणते, चालेल ना? आणि ट्रॅव्हलरमधे दोन सीट आहेत का ते कुणीतरी सांगा.

---

शाहूपुरीकर:

सीट आहेत. आत्याला पुढची देतो, पसरणी घाट रद्द झालाय हे पण सांगा त्यांना. जेवणात मासे नसतील, हे मात्र तुम्हीच तुमच्याकडच्या सगळ्यांना सांगायचं.